पेशी होत्या, मग विषाणू ओळखला का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांची एक कालवड जन्मापासून खुरटलेली. महिन्या-दोन महिन्यांनी हगवण, नाहीतर खोकला. रक्त तपासलं तर बीव्हीडीचा, म्हणजे बोव्हाइन व्हायरल डायरियाचा विषाणू सापडला. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तरी तो होताच. त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी मात्र शून्य. चीक वेळेवर पाजला होता. विचारणाऱ्याला शंका आहे की वासरू प्रतिकारशक्तीशिवाय जन्मतं असं म्हणतात, तर हिच्या रोगाशी लढणाऱ्या पेशी पोटात बनल्याच नसतील का? आणि मुळात त्या बनतात कधी?

पेशी बनल्या होत्या, आणि बहुधा व्यवस्थित बनल्या होत्या. चुकली ती वेळ. विषाणू पोटात शिरला तेव्हा त्या पेशी आपलं कोण आणि परकं कोण हे शिकत होत्या, आणि त्यांनी विषाणूला आपल्यातच धरलं. हे नीट कळायला पोटातल्या वासराचं कॅलेंडर डोळ्यांसमोर हवं. मी जनावरांवर उपचार करायला लागलो तेव्हा ते माझ्याही डोळ्यांसमोर नव्हतं. गाभडलेली गाय, खुरटं वासरू, डुकरिणीच्या वेतातली वाळलेली पिल्लं या सगळ्या मला वेगवेगळ्या गोष्टी वाटायच्या. गर्भाचे दिवस मोजायला लागल्यावर त्या एकाच गोष्टीचे तुकडे निघाले.

आधी तो गैरसमज बाजूला करू. वासरू, कोकरू, करडू, शिंगरू आणि डुकराचं पिल्लू जन्मतात तेव्हा त्यांच्या रक्तात आईच्या अँटिबॉडी जवळपास नसतात, हे खरं. कारण वारेच्या रचनेत आहे. माणसात गर्भाची वार थेट आईच्या रक्तात बुडालेली असते आणि आईच्या अँटिबॉडी नऊ महिन्यांत बाळाकडे पोहोचतात. घोडी आणि डुकरीण यांच्यात आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे सहा थर असतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची ठेवण थोडी निराळी, पण अँटिबॉडीपुरता परिणाम तोच. अँटिबॉडी हा मोठा रेणू आहे, तो या भिंतीतून पलीकडे जात नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवायला गाईच्या गर्भाचा सीरम वापरतात, त्याचं एक कारण हेच. त्यात अँटिबॉडी अगदी कमी असतात.

पण अँटिबॉडी नसणं आणि पेशी नसणं यांत मोठा फरक आहे. अँटिबॉडी हा तयार माल, पेशी हा कारखाना. वासरू जन्मतं तेव्हा कारखाना उभा असतो, यंत्रं बसलेली असतात, काही महिन्यांपासून ती चालू शकत असतात. फक्त गर्भाशय स्वच्छ असल्यामुळे कुठलीच मागणी आलेली नसते. मागणी आली तर पोटातलं वासरूही माल काढतं, हे पुढे दिसेलच.

या पेशींची सुरुवात अस्थिमज्जेत होत नाही. अस्थिमज्जा बनायला हाडं लागतात, आणि हाडं उशिरा येतात. रक्ताच्या पहिल्या पेशी गर्भाच्या शरीराबाहेर, त्याला जोडलेल्या पीतक कोश नावाच्या पिशवीत तयार होतात. त्या मुख्यतः तांबड्या पेशी आणि कण गिळणाऱ्या मॅक्रोफाज पेशी. मग गर्भाच्या शरीरात महाधमनीच्या भिंतीलगत खऱ्या अर्थानं कायमच्या मूळ पेशी उगवतात. पुढे आयुष्यभर रक्त पुरवायचं ते त्यांनीच. तिथून त्या यकृतात मुक्काम करतात. गर्भाचं यकृत एवढं मोठं आणि गडद का असतं याचं उत्तर यातच आहे: तो त्या काळातला रक्ताचा मुख्य कारखाना असतो. शेवटी पोकळ हाडं तयार झाली की पेशी अस्थिमज्जेत जाऊन कायमच्या स्थिरावतात.

डुकरांत हा प्रवास बारकाईनं मोजला गेला आहे. ११४ दिवसांच्या गर्भकाळात तिसऱ्या आठवड्यात पीतक कोश काम करू लागतो, तिसाव्या दिवसाच्या सुमाराला यकृत सूत्रं हाती घेतं आणि पंचेचाळीसाव्या दिवसापासून अस्थिमज्जा. एक बंद पडून दुसरं सुरू होत नाही, बराच काळ दोन्ही बरोबर चालतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींच्या जनुकांची जुळवाजुळव तर पीतक कोशातच, विसाव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागते. तेव्हा तो गर्भ बोटाच्या पेराएवढाही नसतो.

आता थायमस ही ग्रंथी. या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथे आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. काही दिवसांचं मेलेलं वासरू शवविच्छेदनाला आलं की मानेची कातडी उलटवल्यावर श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांना फिकट गुलाबी, मऊ, दाणेदार पालींचा पट्टा दिसतो. जबड्याच्या मागून सुरू होऊन तो छातीत, हृदयाच्या पुढ्यापर्यंत उतरतो. नवशिक्या हातांना ती लाळग्रंथी वाटते, कधी नुसती चरबी. सुदृढ वासरात तो भरघोस असतो. अशक्त, वेळेआधी जन्मलेल्या किंवा बरेच दिवस आजारी राहिलेल्या वासरात आक्रसून दोऱ्यासारखा झालेला असतो. मी शवविच्छेदनात थायमस बघितल्याशिवाय पुढे जात नाही. वासराचं आयुष्य, त्यातलं पोटातलं सुद्धा, कसं गेलं याचा तो बोलका पुरावा आहे.

गाईच्या गर्भात हा थायमस साधारण चाळिसाव्या दिवशी ओळखू येतो. कोकराच्या गर्भात पस्तिसाव्या दिवशी. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा आणि मेंढीचा दीडशे दिवसांचा, हे लक्षात घेतलं तर दोघांतही हे काम फार लवकर सुरू होतं. यकृतातून आणि पुढे अस्थिमज्जेतून आलेल्या कच्च्या पेशी थायमसमध्ये शिरतात आणि टी पेशी होण्याची परीक्षा देतात. प्रत्येक पेशी स्वतःचा एक वेगळा ग्राहक रेणू बनवते, म्हणजे ज्यानं ती पुढे शत्रू ओळखणार तो. हा रेणू जनुकांचे तुकडे कसेही जोडून, जवळपास नशिबावर बनतो. त्यामुळे काही पेशींचा ग्राहक कशालाच चिकटत नाही, तर काहींचा स्वतःच्याच शरीरातल्या रेणूंना घट्ट चिकटतो. दोन्ही प्रकारच्या पेशींना तिथेच मरण येतं. आत गेलेल्या शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. एवढी नासाडी कशासाठी, असं पहिल्यांदा वाचताना वाटतं. पण जी पेशी आपल्याच यकृतावर किंवा सांध्यावर तुटून पडेल ती बाहेर न सोडणं हेच थायमसचं काम आहे.

कळीचा मुद्दा असा की 'स्वतःचं' म्हणजे काय, हे थायमसला दुसऱ्या कुणी सांगत नाही. त्या काळात शरीरात जे जे हजर असेल ते सगळं त्याच्या हिशेबी स्वतःचं. हे वाक्य लक्षात ठेवा, कालवडीचं उत्तर यात आहे.

टी पेशींत दोन घराणी आहेत, अल्फा-बीटा आणि गॅमा-डेल्टा. माणसाच्या रक्तात दुसरं घराणं तुरळक असतं, टी पेशींतला काही टक्के भाग. गुरं, मेंढ्या आणि डुकरं यांच्या पिल्लांत मात्र ते फार मोठं असतं आणि वयाबरोबर कमी होत जातं. पोटातही आधी तयार होतात त्या गॅमा-डेल्टाच. डुकराच्या गर्भात त्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला थायमसमध्ये पक्व होतात आणि काही दिवसांत बाहेर पडतात, अल्फा-बीटा त्यांच्या मागून येतात. गॅमा-डेल्टा पेशी कातडी आणि आतड्याच्या अस्तरात जाऊन बसतात. बाहेरच्या जगाशी पहिली गाठ तिथेच पडणार असते.

बी पेशींची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची गोष्ट निराळी आणि माझ्या मते जास्त विलक्षण. गाईच्या गर्भात साठाव्या दिवसाच्या आसपास अंगावर आयजीएम, म्हणजे सर्वांत आधी बनणारी अँटिबॉडी, वागवणाऱ्या बी पेशी दिसतात. प्लीहा आणि अस्थिमज्जा त्याच्या थोडं आधी, पंचावन्नाव्या दिवशी ओळखू येतात आणि लसिका गाठी साठाव्या दिवशी. पण रवंथ करणाऱ्या जनावरांत बी पेशींच्या विविधतेचं खरं काम लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतं. तिथे पेयर्स पॅच नावाचा लसिका ऊतींचा एक लांबलचक पट्टा असतो. मेंढीच्या गर्भात तो ११०व्या दिवसानंतर उभा राहतो आणि काही आठवड्यांच्या कोकरात शरीरातला सर्वांत मोठा लसिका अवयव होतो. मेंढीत बी पेशींना जनुकांचे तुकडे जोडून फारशी विविधता मिळत नाही. म्हणून या पट्ट्यात त्या झपाट्यानं विभागतात आणि आपल्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम बदल घडवत राहतात. इतर पुष्कळ प्राण्यांत असे बदल जंतू भेटल्यावर होतात. कोकरात ते जन्माआधीच, कुठलाही जंतू नसताना सुरू होतात. इथेही बहुसंख्य पेशी मरतात. जनावर दीड वर्षाचं होईपर्यंत हा पट्टा विरून गेलेला असतो, त्याचं काम संपलेलं असतं.

बी पेशीतला 'बी' आला कुठून, हे ऐकलं की कोंबडीचं कौतुक वाटतं. कोंबडीच्या शेपटीखाली, गुदद्वाराजवळ बर्सा नावाची एक छोटी पिशवी असते. ती कशासाठी, हे शतकानुशतकं कोडं होतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक याने पिल्लांमधली ही पिशवी काढून बघितली, पण पक्ष्यांत काही फरक दिसेना. मग टिमथी चँग या सहकाऱ्याला विद्यार्थ्यांना अँटिबॉडी दाखवायच्या प्रात्यक्षिकासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्यानं त्याच कोंबड्या घेतल्या, साल्मोनेला या जिवाणूचं अँटिजन, म्हणजे शरीर ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं तो पदार्थ, टोचलं आणि बर्सा काढलेल्या पक्ष्यांनी अँटिबॉडी बनवल्याच नाहीत. १९५६ साली हे कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापलं गेलं. बी पेशींना नाव मिळालं ते बर्साच्या आद्याक्षरावरून. एकवीस दिवसांच्या उबवणीत साधारण आठव्या ते चौदाव्या दिवसांत मूळ पेशी या पिशवीत शिरतात. अठराव्या दिवशी अंड्यातल्या पिल्लाची यंत्रणा एवढी तयार असते की मॅरेक्स रोगाची लस सरळ अंड्यात टोचता येते, आणि उबवणी केंद्रांत ती तशीच देतात.

पोटातला जीव जंतूला उत्तर द्यायला लागतो कधी? याचं उत्तर एका तारखेत देता येत नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. यंत्रणा एका दिवशी बटण दाबल्यासारखी सुरू होत नाही, वेगवेगळ्या अँटिजनसाठी वेगवेगळ्या दिवशी जागी होते. १९६०च्या दशकात आर्थर सिल्व्हरस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीचं गर्भाशय उघडून, गर्भाला अँटिजन टोचून, पुन्हा शिवून हे तपासलं. जिवाणूंना ग्रासणाऱ्या फाय-एक्स-१७४ या विषाणूला कोकराचा गर्भ चाळीस-एक्केचाळीस दिवसांचा असतानाच अँटिबॉडीनं उत्तर देतो. फेरिटिन या प्रथिनाला त्यानंतर काही आठवड्यांनी. अंड्यातल्या पांढऱ्याच्या प्रथिनाला मात्र १२० दिवसांच्या पुढे. माणसातल्या घटसर्पाच्या, म्हणजे डिप्थेरियाच्या, टॉक्सॉइडला (निरुपद्रवी केलेल्या विषाला) तर जन्मानंतरच. दुसऱ्या कोकराच्या कातडीचा तुकडा लावला तर साधारण ७७व्या दिवसापासून गर्भ तो झिडकारतो, त्याआधी स्वीकारतो. वासरातही तसंच. रोटाव्हायरसला ७३व्या दिवशी, पार्व्होव्हायरसला ९३व्या दिवशी, पॅराइन्फ्लुएंझाला १२०व्या दिवसाच्या आसपास उत्तर मिळाल्याच्या नोंदी आहेत. आयजीएम आधी, आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी नंतर, हा क्रम पोटातही पाळला जातो.

आता स्वतःचं-परकं या मुद्द्याकडे वळतो, कारण हे ज्ञान जगाला मिळालं तेच मुळी गाईंच्या जुळ्यांकडून. गाईच्या पोटात जुळी असतील तर दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा लवकरच एकमेकींना जोडल्या जातात. पाडा आणि कालवड अशी जोडी असेल तर अशी कालवड दहांतल्या नऊ वेळा वांझ निघते. तिलाच फ्रीमार्टिन म्हणतात. १९४५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रे ओवेन यांनी गाईंचे रक्तगट तपासताना बघितलं की जुळ्यांपैकी प्रत्येकाच्या अंगात दोन प्रकारच्या तांबड्या पेशी आहेत, स्वतःच्या आणि भावंडाच्या. त्यातलं एक उदाहरण फारच बोलकं होतं. एका गर्न्सी जातीच्या गाईला दोन वेगळ्या जातींच्या वळूंपासून जुळी झाली होती, एकाचा बाप गर्न्सी, दुसऱ्याचा हेरफर्ड. दोन्ही वासरांच्या रक्तात दोन्ही बापांकडून आलेल्या खुणा सापडल्या. तांबडी पेशी काही महिन्यांत मरते, पण मोठी झालेली जनावरंही तसंच मिश्र रक्त वागवत होती. म्हणजे पोटात असताना भावंडाच्या मूळ पेशीच आत येऊन स्थायिक झाल्या होत्या आणि शरीरानं त्यांना कधीच परकं मानलं नव्हतं.

पुढे पीटर मेडावार आणि रूपर्ट बिलिंगहॅम यांनी जुळ्या वासरांवर एकमेकांच्या कातडीचे तुकडे लावले. एकसारखी जुळी कोणती आणि वेगळी कोणती हे त्यातून कळेल असा त्यांचा अंदाज होता. पण वेगळ्या जुळ्यांनीही एकमेकांची कातडी स्वीकारली. पोटात ठराविक काळात जे भेटतं ते शरीर पुढे आपलं मानतं, ही कल्पना फ्रँक बर्नेट यांनी १९४९ साली ओवेन यांच्या कामाचा आधार घेऊन मांडली होती. मेडावार यांनी उंदरांवर ती सिद्ध केली आणि १९६० साली बर्नेट आणि मेडावार या दोघांना नोबेल मिळालं. ओवेन यांचं नाव त्यात नव्हतं, ही गोष्ट मला आजही खुपते.

आता त्या कालवडीकडे येऊ. बीव्हीडी विषाणूचा एक प्रकार पेशींना मारत नाही, तो शांतपणे त्यांत राहतो. गाभण गाईला तो झाला तर गाईला थोडा ताप, क्वचित दोन दिवस पातळ शेण, कित्येकदा काहीच दिसत नाही. पण तो वारेतून गर्भात शिरतो. गर्भ साधारण ४० ते १२० दिवसांचा असेल आणि जगला, तर विषाणू शरीरभर पसरतो, थायमसमध्येही. तिथे चाळण चालू असतेच. ज्या टी पेशींचा ग्राहक या विषाणूला चिकटतो त्या 'स्वतःवर उलटणाऱ्या' म्हणून बाद होतात. बाहेर पडलेल्या फौजेत त्या विषाणूला ओळखणारं कुणी उरत नाही. वासरू जन्मतं ते आयुष्यभर विषाणू वागवत आणि नाक, लाळ, शेण, मूत्र यांतून पसरवत. याला कायमस्वरूपी संसर्गित, म्हणजे पीआय वासरू म्हणतात.

इथे एक शंका यायला हवी. ७३ दिवसांचा गर्भ रोटाव्हायरसला उत्तर देतो, तर शंभराव्या दिवशी बीव्हीडीला का देत नाही? कारण हा नुसता कोवळेपणाचा प्रश्न नाही, विषाणूचाही त्यात हात आहे. हा प्रकार पेशी मारत नसल्यानं धोक्याची हाक उठत नाही, आणि गर्भात इंटरफेरॉन नावाची पहिली सूचनाही तो दाबून टाकतो. अर्धवट तयार यंत्रणा आणि असा विषाणू, दोन्ही एकत्र आले तरच हे घडतं.

हाच विषाणू साधारण १०० ते १५० दिवसांत शिरला तर मेंदू, विशेषतः लहान मेंदू, आणि डोळे बिघडू शकतात. वासरू जन्मतं पण पाय फाकवून डुलत राहतं, उभं राहता येत नाही. त्या वेळी शरीर प्रतिकार करू लागलेलं असतं आणि वाढत्या अवयवांची हानी काही अंशी त्या प्रतिकारामुळेच होते. दीडशे-एकशे ऐंशी दिवसांच्या पुढे गर्भ बहुधा स्वतःच अँटिबॉडी बनवून विषाणू हटवतो आणि धडधाकट जन्मतो. तोच विषाणू आणि तीच गाय असूनही दोन-तीन महिन्यांच्या फरकानं निकाल पूर्ण बदलतो. मेंढ्यांत बॉर्डर डिसीज या अशाच रोगाचं गणितही असंच आहे. तिथे पहिल्या साठ ते ऐंशी दिवसांत संसर्ग झाला तर केसाळ, थरथरणारी कोकरं जन्मतात.

आणखी एक बारकावा. पीआय जनावराची ही स्वीकृती फक्त त्याच्या अंगातल्या वाणापुरती असते. वेगळ्या वाणाला, म्हणजे लशीतल्याही, ते अँटिबॉडी बनवू शकतं. त्यामुळे अँटिबॉडी सापडल्या म्हणजे जनावर पीआय नाही, असा निष्कर्ष काढू नका. विषाणूच शोधा.

डुकरांमध्ये हेच कॅलेंडर एका वेतात डोळ्यांनी दिसतं. पार्व्होव्हायरस एका पिल्लाकडून शेजारच्या पिल्लाकडे हळूहळू सरकतो. त्यामुळे वेत झाल्यावर जमिनीवर ओळीनं मांडलं की एक पिल्लू बोटाएवढं, तपकिरी आणि वाळलेलं, दुसरं वीतभर, तिसरं त्याहून मोठं, आणि शेजारी दोन-तीन जिवंत आणि ठणठणीत. पस्तीस दिवसांच्या आत मेलेली विरघळून जातात कारण त्यांची हाडं झालेली नसतात. पस्तीस ते सत्तरमध्ये मेलेली वाळून ममी होतात. सत्तराव्या दिवसानंतर विषाणू पोहोचला तर पिल्लू स्वतः अँटिबॉडी बनवतं आणि वाचतं. मी पट्टी घेऊन डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजतो. सत्तर दिवसांच्या गर्भाची ती सोळा-सतरा सेंटिमीटर भरते. सगळ्या ममी त्याहून लहान आणि मोठी पिल्लं जिवंत असतील तर पार्व्होचा संशय पक्का धरून पुढची तपासणी मागवतो.

पोटातल्या प्रतिकाराचा आणखी एक पुरावा सहज हाती लागण्यासारखा आहे, पण त्याची वेळ फार थोडी असते. वासरू बाहेर आल्यावर, चिकाचा पहिला घोट जाण्याआधी गळ्याच्या शिरेतून रक्त घ्यायचं आणि साध्या नळीत गोठू द्यायचं. या सीरममध्ये एखाद्या रोगाच्या अँटिबॉडी सापडल्या तर त्या आईच्या असूच शकत नाहीत. वार त्यांना येऊ देत नाही आणि चीक अजून पोटात गेलेला नाही. म्हणजे त्या वासरानं स्वतः, पोटात असताना बनवल्या. निओस्पोरा, बीव्हीडी, अकाबाने, श्मालेनबर्ग या गर्भाला बाधणाऱ्या जंतूंचा संसर्ग पोटात झाला होता का, हे अशा नमुन्यातून ठरवता येतं. एकदा चीक पाजला की आईच्या अँटिबॉडी सगळं झाकून टाकतात. नमुना घेतल्यावर लगेच चीक पाजायचा, नमुन्यासाठी त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

मग एवढी तयारी असूनही नवजात वासरू इतकं नाजूक का? पहिलं कारण अनुभवाचं. टी आणि बी पेशी आहेत, पण प्रत्येक शत्रूला ओळखणाऱ्या मूठभरच. त्या वाढून कामाला लागायला एक-दोन आठवडे लागतात आणि आतड्यातला जंतू तेवढा थांबत नाही. दुसरं कारण जन्माच्या वेळेचं. गर्भाच्या अंगातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची लाट विण्याची क्रिया सुरू करते. तीच लाट लसिका पेशींना काही दिवस मंदावते. त्या वेळी रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर दिसतात, पण त्यांची जंतू मारण्याची ताकद प्रौढ जनावरापेक्षा कमी असते. जंतू मारायला मदत करणारी कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनंही अपुरी असतात. मधल्या काळात तयार माल लागतो, आणि तो चिकातून येतो. आतडं तो रेणू आख्खा आत घेतं ते पहिल्या काही तासांतच सर्वांत चांगलं, आणि चोवीस तासांत हा दरवाजा बंद होतो. म्हणून पहिल्या दोन तासांत वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास चांगला चीक, हा नियम मी कुठल्याही गोठ्यात सोडत नाही.

गाभण जनावराची काळजीही या पेशींपर्यंत पोहोचते. शेवटच्या दोन महिन्यांत गाय उष्णतेच्या ताणाखाली राहिली तर वासराचं वजन घटतं, चिकातल्या अँटिबॉडी शोषण्याची क्षमता कमी होते आणि थायमस, प्लीहा लहान राहतात. आटवलेली गाय दूध देत नाही म्हणून तिला उन्हात, शेवटच्या रांगेत बांधायची सवय मला त्यामुळेच सहन होत नाही. तांबं गर्भाच्या यकृतात साठवलं जातं आणि सेलेनियम वारेतून जातं, म्हणून ही खनिजं गाभणपणातच द्यायला हवीत. अ आणि ई जीवनसत्त्वं वारेतून फारशी जात नाहीत, ती वासराला चिकातून मिळतात, पण त्यासाठीही आईच्या अंगात आधी असावी लागतात.

आता त्या कालवडीचं काय करायचं? दोन्ही तपासण्यांत विषाणू आणि मध्ये तीन आठवड्यांचं अंतर, म्हणजे ती पीआय आहे. उपचारानं किंवा लशीनं हे बदलत नाही. अशी बरीच जनावरं पुढे म्युकोसल डिसीजनं मरतात. त्यांच्या अंगातलाच विषाणू बदलून पेशी मारणारा होतो आणि शरीर त्यालाही ओळखत नाही. आजच तिला बाकीच्यांपासून, विशेषतः गाभण गाईंपासून, पूर्ण वेगळी करा. तिला पैदाशीसाठी ठेवू नका आणि दुसऱ्याच्या गोठ्यातही विकू नका. पीआय गाईचं वासरू नेहमी पीआयच असतं.

मग तिच्या आईची तपासणी करा. आई बहुधा निरोगी निघेल. त्यानंतर वही काढा. कालवडीच्या जन्मतारखेपासून मागे मोजा: आईला संसर्ग झाला तो विण्याच्या साधारण साडेपाच ते आठ महिने आधी. त्या काळात गोठ्यात नवं जनावर आलं होतं का, गाई दुसऱ्यांच्या जनावरांत मिसळल्या होत्या का, हे आठवा. आणि त्या आठवड्यांत ज्या ज्या गाई ४० ते १२० दिवसांच्या गाभण होत्या त्यांची यादी करा. त्यांची आजची सगळी वासरं तपासायची, दिसायला कितीही गुटगुटीत असली तरी, कारण काही पीआय वासरं अगदी नेहमीसारखी वाढतात. तीन महिन्यांच्या आतली वासरं असतील तर रक्ताच्या साध्या अँटिजन चाचणीवर विसंबू नका. चिकातून आलेल्या अँटिबॉडी विषाणू झाकतात. त्यांच्या कानाचा छोटा तुकडा पाठवा. आज ज्या गाई गाभण आहेत त्यांच्या पोटात काय आहे हे आईच्या रक्तावरून कळत नाही, म्हणून पुढच्या सगळ्या वेतांतलं प्रत्येक वासरू जन्मल्याबरोबर तपासायचं. शेवटची आज गाभण असलेली गाय विईपर्यंत हे चालू ठेवा.